चार बोटं

"त्या बाईचं पत्र तू वाचलंस?" एव्हारिस्तोने विचारलं आणि पिकअपचा वेग उगाचच वाढवला.

"वाचलं," इनेस म्हणाली. "आणि पाटी पंचाहत्तरची आहे, पपा. तुमचा काटा नव्वदवर गेलाय."

"काय म्हणते?"

"म्हणते, माझा वेल्डन सहा वर्षं आत आहे. आज तुम्ही मंडळासमोर गप्प राहिलात तर त्याला सोडतील."

"सोडतील! आणि माझा चेमा सहा वर्षं जमिनीखाली आहे, त्याला कोण सोडतंय?"

इनेसने खिडकीबाहेर पाहिलं. चेमा तिचा धाकटा भाऊ होता. तिलाही राग यायचा, पण रोज सकाळी नव्याने नाही यायचा.

चार वाजता फिनिक्सला सुनावणी होती. वेल्डनची उरलेली चार वर्षं माफ करायची की नाही, हे तिथे ठरणार होतं. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने एक कागद लिहून खिशात ठेवला होता. त्याची शेवटची ओळ इनेसने सकाळी वाचली होती: हा माणूस खुनी आहे, आणि वर खोटारडा आहे.

एव्हारिस्तोचा खरा राग त्या दुसऱ्या शब्दात होता.

वेल्डन गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक चालवायचा. सहा वर्षांपूर्वी, अशाच जुलैतल्या धुळीच्या वादळात, त्याचा ट्रक रस्ता सोडून कडेला उभ्या असलेल्या एव्हारिस्तोच्या गाडीवर मागून आदळला. चेमा मागच्या सीटवर होता. कोर्टात वेल्डन म्हणाला, "समोर लाल दिवे दिसले. वाटलं, रस्ता तिकडेच आहे. म्हणून त्यांच्या मागे गेलो."

कोर्टात बसलेले लोक संतापाने उठून उभे राहिले होते. एव्हारिस्तो आणि दिवे चालू ठेवील? एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. धूळ आली की काय करायचं, हे पिकाचो गावातल्या अर्ध्या मुलांना त्यानेच शिकवलं होतं. तो चार बोटं वर करायचा आणि एकेक मिटायचा. पहिलं, रस्ता सोडून लांब. दुसरं, सगळे दिवे बंद. तिसरं, हँडब्रेक ओढून ठेवायचा. चौथं, पाय वर! चौथ्या बोटाला सगळी मुलं दोन्ही पाय सीटवर घेऊन किंचाळायची. इनेसही त्यांच्यातलीच.

"मागचा माणूस आंधळा असतो, मुलांनो," तो सांगायचा. "त्याला आपला दिवा दिसला, तर तो आपल्या घरात शिरेल."

त्याने शपथेवर सांगितलं होतं, दिव्यांचं बटण मी स्वतः बंद केलं. ते खरंच होतं. अपघातानंतर पोलिसांनाही ते बटण बंदच मिळालं होतं. वेल्डनला दहा वर्षांची शिक्षा झाली.

इलॉय गावाच्या अलीकडे, उतारावरच्या एका टपरीपाशी, इनेस बुरितो आणायला उतरली. एव्हारिस्तो स्टिअरिंगमागेच बसून राहिला.

"हँडब्रेक ओढा आणि या की सावलीत," ती म्हणाली.

"या डबड्याचा हँडब्रेक नुसता शोभेला आहे. आधीच्या गाडीचाही तसाच होता. तू जा. आणि हिरवी मिरची नको म्हणावं, मागच्या वेळी जिभेची साल निघाली."

"साल निघूनही जीभ चालतेच आहे."

म्हातारा हसला नाही.

परत हमरस्त्याला लागल्यावर दहा मिनिटांत दोघांचे फोन एकदम कोकलले. धुळीचा इशारा. पूर्वेकडे तपकिरी भिंत उभी राहिली होती, डोंगराहून उंच. वाऱ्याबरोबर ओल्या झुडपांचा वास आला, म्हणजे मागे पाऊस होता.

"पपा, आज बोलू नका," इनेस घाईने म्हणाली. "चेमासाठी नाही, त्या वेल्डनसाठी नाही, तुमच्यासाठी. सहा वर्षं तुम्ही एकच वाक्य चघळताय."

"तू त्याच्या आईच्या बाजूने आहेस का माझ्या?"

"मी दमलेय, पपा!"

भिंत अंगावर आली. क्षणात पुढची गाडी नाहीशी झाली, मग रस्त्याच्या रेषा, मग पिकअपचं नाक. एव्हारिस्तो घाबरला नाही. त्याने पिकअप कडेला घेतली, खडीवरून उताराला आणखी लांब नेली, थांबवली. दिवे बंद. इंजिन बंद. हँडब्रेक खेचला. लहानपणच्या सवयीने इनेसने दोन्ही पाय सीटवर घेतले.

वारा पिकअपला हलवत होता. वाळू काचेवर तडतडत होती. एव्हारिस्तोने खिशातून कागद काढला आणि तिच्यासमोर नाचवला.

"बघ. आत्ता बघ. असंच उभे होतो आम्ही. असंच! कुठे आहेत लाल दिवे? सांग ना, कुठे आहेत?"

पाण्याची बाटली घ्यायला इनेस मागे वळली आणि तशीच थांबली.

"पपा, मागची धूळ लाल दिसतेय."

"सूर्य असेल."

"तीन पण वाजले नाहीत. आणि सूर्य दिसतोय कुठे?"

एव्हारिस्तोने मान वर करून आरशात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने खाली, आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. शेजारी मुलीचे दोन्ही पाय सीटवर होते.

त्याने उजवा पाय उचलला. आरशातली धूळ तपकिरी झाली.

मग त्याने पाय, अगदी हळू, पुन्हा ब्रेकवर ठेवला. धूळ लाल झाली.