रोशनीचं उत्तर

रोशनी नऊ वर्षांची झाली तरी बसत नव्हती, बोलत नव्हती. वैनगंगेकाठच्या त्या गावात सगळे म्हणायचे, पोरीला काही कळत नाही. तिची आई देवकाही तेच धरून चालली होती.

तालुक्याच्या शिबिरात थेरपीवाल्या ताईंनी रोशनीला तासभर तपासलं. "याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, म्हणून हातपाय आणि जीभ तिचं ऐकत नाहीत. पण तिला समजतं सगळं. विचारून पाहा, हो म्हणायचं असलं की ती डोळे मिटते."

"भूक लागली का वं?" देवकानं विचारलं. रोशनीनं डोळे मिटले.

बाजूच्या बाया हसल्या. देवका मात्र पांढरी पडली. ताई दुसऱ्या लेकराकडे वळल्यावर ती रोशनीच्या कानाशी वाकली.

"तुले भरवतानी मी रोज देवाले म्हणतो, माझ्या आंधी हिले घेऊन जाय. ते तू आयकत होती का, माय?"



रोशनीनं डोळे मिटले नाहीत. पाणी येईपर्यंत ते तसेच ताणून उघडे ठेवले.