भिणारं कोण?

शेजारच्या फडात ऊसतोड सुरू झाली, तसा बिबट्या वस्तीभोवती घुटमळू लागला. तेव्हापासून सुकन्या तीन वर्षांच्या सृष्टीला क्षणभरही डोळ्यांआड होऊ देत नव्हती.

"बी.एस्सी. झालेली तू, अन् दिवसाढवळ्या कडी लावून बसती व्हय?" सासू लंकाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "त्यापरीस हितं येऊन डोळं मीट, अन् भिणारं कोण हाय ते बघ. मी हाय की पोरीपाशी."

ओट्यावर येऊन, सृष्टीला शेजारी बसवून सुकन्याने डोळे मिटले. छातीतली धडधड दिसली. ती कोणाला दिसतेय? मला. मी म्हणजे सृष्टीची आई. पण सृष्टी व्हायच्या आधीही मी होतेच की. मग सुकन्या? ते नाव तर बारशाला ठेवलेलं, त्याआधीही मी होतेच. एकेक गळत गेलं आणि नुसतं बघणं उरलं. त्यात ना भीती होती, ना आई.

ती दचकून भानावर आली.

"आत्याबाई, मला नको हे! तिथं मी कोणाची आईच नव्हते. तेवढ्यात पोर उसाकडं पळाली असती, तर धरलं कोणी असतं?"

"निघालीच हुती ती. मी उठायच्या आत तूच धरली न्हाई का?"

सुकन्याने खाली पाहिलं. सृष्टीच्या फ्रॉकचा घोळ मुठीत घट्ट आवळलेला होता. कधी धरला, ते तिला काही केल्या आठवेना. आणि तो हात माझाच, असं म्हणायला तिची जीभ रेटेना.