तुम्ही तुम्हीच कशावरून?

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या आमच्या थोर गावात, जागेचा तुकडा ज्या कंपनीच्या नावावर असेल तिलाही निवडणुकीत एक मत असतं. गेल्या वर्षी निवृत्त शिक्षिका डोर्कसबाई मत द्यायला आल्या, तर कारकून विल्मरनं त्यांना अडवलं.

"बाई, ओळखीसाठी आणलेल्या तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत परवाच संपलीय. तुम्ही तुम्हीच कशावरून?"

"मेल्या, तुला पाढे कोणी शिकवले?"

"तुम्हीच. पण नियम म्हणजे नियम."

तेवढ्यात शहरातले वकील क्लेंडेनिन आले आणि आपल्या चार कंपन्यांची चार मतं टाकून गेले. गावात त्यांची चार घरं आहेत, चारही बारा महिने कुलूपबंद.

"त्या चौघींचे फोटो पाहिलेस का रे?" बाईंनी विचारलं.

"कंपनीला कुठला आलाय फोटो? तिचा कागद असला की झालं. आणणारा कोण, ते आम्ही बघत नाही."

"असं होय!" म्हणून बाई घरी गेल्या. लायसन्स त्यांनी नव्यानं काढलंच नाही. परसातलं कोंबड्यांचं खुराडं तेवढं जागेसकट एका नव्या कंपनीच्या नावावर केलं.



यंदा विल्मरनं खुर्चीतून उठून, अगदी अदबीनं, खुराड्याला मतपत्रिका दिली.