माहेरची चांदकुडी

लग्नात साळूबाईच्या ओटीत आईने चांदकुडीची फांदी घातली होती. डोंगरावरच्या लेकी अशी फांदी घेऊनच सासरी येत; अंगणात रुजली ती मात्र हिचीच. यंदा वणव्यात अख्खा डोंगर जळाला आणि तिच्या अंगणातलं तेवढं एक झुडूप उरलं. जपा म्हणून तिनेच वनखात्याच्या कचेरीत कळवलं.

तिथून आलेलं यंत्र झुडपाभोवती घिरट्या घालून म्हणालं, "मूळ ठिकाणाबाहेरची वनस्पती. काढावी."

"मावशी, नकाशात हिची जागा डोंगरावरच आहे," सोबतचा वनरक्षक भांगरे पुटपुटला. "यंत्रापुढे माझं चालत नाही."

"मीही डोंगरावरचीच, बाबा. पन्नास वर्षं झाली इथं रुजून. मलाही उपटतोस?"

यंत्राने फुललेलं झुडूप मुळासकट उपटलं. मग आपल्या पडद्यावर चांदकुडीपुढचं 'दुर्मीळ' पुसून 'नामशेष' लिहिलं, आणि कळवल्याबद्दल साळूबाईचे आभार मानले.