धावपट्टीच्या मधोमध

सेबू शहराहून येणारं छोटं विमान दिसताच धावपट्टीवर पहारा देणाऱ्या देल्फिनाने भोंगा वाजवला. धावपट्टी ओलांडणारी माणसं भराभर बाजूला झाली. तिचे ठार बहिरे वडील इसागानी मात्र म्हैस ओढत मधोमध चालतच राहिले.

“बाबा, पळा!” ओरडत ती धावत सुटली. विमान पार डोक्यावर आलं आणि शेवटच्या क्षणी गर्जत पुन्हा वर गेलं.

एक घिरटी घालून ते उतरलं, तेव्हा विमानतळाचे साहेब म्हाताऱ्यावर खेकसत होते, “मरायला हीच जागा सापडली?” तेवढ्यात वैमानिक तडक म्हाताऱ्याकडेच येताना दिसला, आणि देल्फिना वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.



त्याने म्हाताऱ्याचे हात घट्ट धरले. “साहेब, यांना रागावू नका. यांच्यामुळे विमान वर घेतलं, तेव्हा कळलं... चाकं खाली सोडायलाच मी विसरलो होतो.”