दही लागलं

पाचव्या दिवशीही गाडग्यात दह्याऐवजी दूधच होतं. सुकेशनीनं बोट बुडवून पाहिलं. कडेला चमचाभर दाटसर काहीतरी धरलं होतं, बाकी सगळं पातळ. तिनं पदर खोचला, तेवढं दाटसर चमच्यानं वेगळं काढलं आणि उद्याच्या विरजणाला ठेवलं. उरलेलं दूध खड्ड्यात ओतलं. हार मानणारी बाई ती नव्हेच.

झरीच्या बाजारात तिच्या दह्याचं नाव होतं. पण तिच्या चंद्री म्हशीला दगडी झाली. कास सुजली, सडातून दुधाच्या गुठळ्या येऊ लागल्या. मागच्या साली एक सड असाच कायमचा आटला होता. आता दुसरा धरला होता. तोही गेला तर म्हशीला बाजार दाखवायचा, असं तिचा नवरा नागेश दोनदा बोलून चुकला होता. चंद्री तिच्या माहेराहून आलेली. ते ऐकलं की सुकेशनी उठून चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवायची.

जनावरांच्या डॉक्टर साक्षी मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाच दिवस रोज इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही. औषधाचा अंमल आहे तोवर दूध विकू नका. त्या दुधाचं दहीसुद्धा लागत नाही, विरजणातले जंतूही त्या औषधानं मरतात."

सुकेशनीनं त्यातून आपला नियम काढला. ज्या दिवशी दही लागेल, त्या दिवशी दूध चोख झालं. तोवर थेंबही बाहेर जाणार नाही.

नागेशचा नियम वेगळा होता. सुई टोचायला तो बघून बघून शिकला होता. दोन दिवसांत सूज उतरली की उरलेली बाटली कोनाड्यात जायची. "बरी झाली की! पुन्हा लागंल तवा कामाला यील." चार-पाच दिवसांनी, आधीच्या औषधाचा अंमल पुरता उतरायच्या आतच, कास पुन्हा सुजायची, बाटली पुन्हा खाली उतरायची. महिन्यात असं चारदा झालं. एकदा मॅडम दोघांना वाटेत भेटल्या आणि कळवळून नागेशला म्हणाल्या, "अहो, अर्ध्यावर सोडलं की कच्चे जंतू मरतात, निबर तेवढे उरतात. पुढची सगळी पिलावळ त्या निबरांचीच होते."

नागेश हसला. "म्याडम, जंतू काय शाळंत जातेत व्हय?"

इकडे सुकेशनीचं रोजचं चालूच होतं. दूध कोमट करायचं, आदल्या दिवशी जे धरलं असेल ते विरजण म्हणून घालायचं, झाकून ठेवायचं. आधी चमचाभर धरायचं, मग वाटीभर, मग अर्धं गाडगं. आणि एका सकाळी तिनं गाडगं तिरकं केलं तर आतलं दही हललंच नाही. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. बाजाराचाच दिवस होता. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, गाडगं उचललं.

तेवढ्यात गोठ्यातून नागेश ओरडला, "कोनी परभणीला जायलंय का बघ, नवी बाटली आनाय सांगू. काल शेवटचं इंजेक्शन दिलं. या खेपंला सूज हालायच तयार न्हाई."

सुकेशनी उंबऱ्यातच थबकली. काल इंजेक्शन दिलं? मग आज दही लागलं कसं?

तिनं गाडगं खाली ठेवलं. बाजार राहिला. शेजारच्या सरजाबाईकडून ती चमचाभर विरजण मागून घेऊन आली. संध्याकाळी चंद्रीचं दूध तिनं दोन वाडग्यांत ओतलं. एकात सरजाबाईचं विरजण घातलं, दुसऱ्यात आपलं.

सकाळी तिनं दोन्हींवरचं फडकं काढलं. सरजाबाईचा वाडगा पातळ होता. तिच्या वाडग्यात मात्र सुरीनं वड्या पाडाव्यात असं दही लागलं होतं. ते बघून तिला घाम फुटला.

नागेश नवी बाटली आणि सुई घेऊन गोठ्याकडे निघाला होता. ती आडवी आली आणि तिनं त्याच्या हातातली सुई काढून घेतली.

"आता ही सुई न्हाई. सडातलं दूध तपासायला परभणीला न्यायचं. कोन्तं औषध लागू पडतंय ते निघू द्या. मग पाचच्या पाच दिवस मी सोता देते. माझी म्हैस कुटं जायची न्हाई."

"आगं, पर दही तर झकास लागलंय! घाबरायलीस कशाला?"

सुकेशनीनं दोन्ही वाडगे त्याच्यापुढं ठेवले.

"औषधाच्या दुधात सरजाकाकूचं इरजन मेलं, माझं जगलं. म्हैनाभर रोज जे तगलं, तेच मी पुढं घालत गेले. तुमी इचारलं व्हतं ना, जंतू शाळंत जातेत का म्हून? मी गाडग्यात भरवली ती शाळा, आन् तुमी कासंत."