खिडकीखालची फळी

बोटीच्या केबिनच्या लाकडाला बाहेरून काय लावायचं, यावर बहीणभावाचं सकाळपासून जुळत नव्हतं. धाकटा गडद तपकिरी रंगाचा डबा घेऊन आला होता, सोबत भाचीच्या खोकल्याच्या औषधाची बाटली. थोरलीला लाकडाच्या रेषा दिसायला हव्या होत्या. तिने पारदर्शक वॉर्निश आणलं होतं.

“ताई, रंगच बरा. एकदा फासला की पाच वर्षं बघायला नको.”

“मला बघायला आवडतं,” म्हणत तिने ब्रश बुडवला. बोट आता तिची होती. संसार मोडून लेकीसह बाहेर पडली तेव्हा त्यानेच ती तिला राहायला विकली होती. थेंबभर पाणी आत येत नाही, डोळे झाकून राहा, म्हणाला होता. आणि भावाच्या शब्दावर डोळे झाकायचे नाहीत तर कोणाच्या?

दारापासून वॉर्निश छान बसत आलं. खिडकीखालच्या फळीवर मात्र ते धरेना. ब्रश फिरवला की मागे सरकायचं आणि मधेच कोरडे, गोल ठिपके उघडे पडायचे. तिने पुसलं, घासलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“म्हणून म्हणत होतो, रंग लाव,” भाऊ म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला.

जुन्या घरात सिंकच्या कडेला असाच रंग बसत नव्हता. फटी बुजवायचं सिलिकॉन लागलं तिथे काही धरत नाही, असं रंगाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं. तिने चाकूचं टोक फळीच्या सांध्यात घातलं. रबरासारखी पांढुरकी पट्टी लांबच लांब निघून आली. मागचं लाकूड काळं पडलं होतं. त्यात चाकू भिजलेल्या पावात शिरावा तसा शिरला.

“कधी भरलंस हे?”

भाऊ रंगाच्या डब्याचं झाकण दाबत राहिला. ते आधीच घट्ट बसलेलं होतं.

“थोडंसंच गळायचं गं. सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस.”

“नसती घेतली.”

तिला राग यायला हवा होता. आधी लाजच वाटली, इतका विश्वास टाकल्याची.

आत पोरीला खोकल्याची उबळ आली. याच फळीला लागून आतल्या बाजूला तिची गादी होती. दोघंही उबळ थांबायची वाट बघत राहिले.

ती थांबल्यावर भावाने औषधाची बाटली उचलून पुढे केली. “दे तिला एक चमचा. या वेळचं चांगलं आहे.”

तिने हात पुढे केला नाही.

“ही तिसरी बाटली,” ती म्हणाली. “तिन्ही तूच आणल्यास.”